अक्कांची गोळी कोणी ठरवायची

दवाखान्यात कोणी "पेशंटबरोबर कोण आहे?" असं विचारलं की आजही माझं डोकं तडकतं. पेशंट समोर बसलेला असतो. त्याला कान असतात, तोंड असतं. पण डॉक्टर बोलणार बरोबर आलेल्याशी, आणि बरोबर आलेल्यांतही जो पुरुष असेल, मोठा असेल, त्याच्याशी. पेशंट म्हातारी बाई असेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. आहे तिथे आहे.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. मीही अक्काच म्हणे. सासरे गेल्यावर दोन भावांनी बसून ठरवलं की दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, अक्का आमच्याकडे आणि आखाजीपासून दिवाळीपर्यंत थोरल्यांकडे. थोरले म्हणजे नाना, धुळ्याला शाळेत मुख्याध्यापक. आमचे हे दीपनगरला वीजकेंद्रात नोकरीला, म्हणून आमचं घर तिथल्या कॉलनीत. पाळी ठरली तेव्हाही अक्का त्याच खोलीत तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही. ही गोष्ट नव्वद सालानंतरची. तेव्हा अक्का सत्तरीच्या आसपास होत्या. अंगानं काटक, चालायला माझ्यापेक्षा चपळ.

त्या हिवाळ्यात एकदा मी त्यांच्या पाठीला तेल लावत होते. माझा हात डाव्या बाजूला गेला आणि थांबला. आतलं काळीज नीट चालत नव्हतं. दोन ठोके भरभर, मग काहीच नाही, मग एक जोरात, मग पुन्हा भरभर. कशाला काही ताल नाही.

"अक्का, कधीपासून असं होतंय?"

"दसरापासून. मना छातीमा कोनी उड्या मारस वं."

"मग सांगितलं का नाही?"

"कोनले सांगू? तुना नवराले? तो म्हनी, माय, चहा कमी कर."

यांनी खरंच तेच म्हटलं. पण मी दोन दिवस मागे लागले, तेव्हा यांनी नानांना कळवलं. आईचा दवाखाना थोरल्याशिवाय करायचा नाही, हा घरातला रिवाज. नाना धुळ्याहून आले आणि आम्ही चौघं जळगावच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी अक्कांची पट्टी काढली, म्हणजे काळजाच्या ठोक्यांचा कागद. मग त्यांच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या तीन. नाना, हे आणि अक्का बसले. मी दाराशी उभी राहिले.

डॉक्टर वाईट नव्हते. हे मला सांगायलाच हवं. त्यांनी नीट समजावून सांगितलं, फक्त नानांकडे बघून. ते म्हणाले, "काळजाचे वरचे दोन कप्पे आवळायला हवेत, ते नुसते थरथरताहेत. त्यामुळे तिथं रक्त साचतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवावं लागतं. त्याला दोन गोळ्या आहेत. एक ॲस्पिरिन, साधी, रोज एक घ्यायची, फार देखरेख लागत नाही. पण तिची राखण अर्धीमुर्धी. दुसरी वॉरफरिन. तिची राखण खूप चांगली. पण ती सांभाळावी लागते. दर महिन्याला रक्त तपासायचं, त्यावर गोळी कमीजास्त करायची. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. पडलं, आपटलं तर धोका. घरात कोणीतरी लक्ष देणारं हवं. तुम्ही सांगा, काय करायचं?"

नानांनी अर्धं मिनिटही घेतलं नाही. "साधीच द्या. वय झालंय. दर महिन्याला सुया टोचून काय करायचं? आणि सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, कोण बघणार?"

हे मान हलवत म्हणाले, "बरोबर आहे नानांचं."

कोण बघणार! जी बघणार होती ती दाराशी उभी होती. अक्कांचं अंथरूण, तेल, चष्मा, दात, सगळं जिच्या हातात होतं, ती. मी काही बोलले नाही.  

बाहेर बाकावर बसल्यावर अक्कांनी मला हळूच विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?" त्या आतच होत्या, पण डॉक्टर भराभर बोलत होते आणि त्यांच्याकडे बघतही नव्हते. नाना औषधं आणायला गेले होते. मला जमलं तसं मी सांगितलं. दोन्ही गोळ्यांचं सांगितलं. रक्त थांबत नाही तेही सांगितलं आणि लकव्याचंही सांगितलं.

लकवा म्हटल्यावर अक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांची मोठी बहीण भडगावकडच्या एका गावात लकव्याने चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. अक्का पाळीपाळीने तिथं राहायला जात. पाठीला झालेल्या जखमा त्यांनी धुतल्या होत्या. बहिणीला बोलता येत नव्हतं, पण सून ताट आपटायची तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं.

"माले मरानं भेव नही," त्या म्हणाल्या. "माले पडी ऱ्हावानं भेव शे. कोनी माले धोवो, पुसो, तोंडमा घास कोंबो, ते माले नको. तू त्या दुसऱ्या गोळीनं सांग ना नानाले."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"तो मनं ऐकस का?"

माझंही ऐकलं नसतं. म्हणून मी सांगितलं नाही. आज वाटतं, ऐकलं नसतं हा वेगळा भाग. सांगायचं तर होतं.

साधी गोळी सुरू झाली. त्यांच्या पुढच्याच पाळीत, दिवाळी होऊन महिना झाला असेल, सकाळी अक्का भाकरी थापत होत्या. थापता थापता पिठाचा गोळा हातातून पडला. मी वळून बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. मला काहीतरी सांगत होत्या, पण शब्द नव्हते, नुसता आवाज. उजवा हात परातीत पडला होता, तो त्यांना उचलता येत नव्हता. हे वीजकेंद्रात पाळीवर गेलेले. शेजारणीने कॉलनीच्या दवाखान्यातून गाडी बोलावली आणि आम्ही दोघी अक्कांना घेऊन जळगावला निघालो. भुसावळ मागे पडेपर्यंत त्यांचा हात हलायला लागला. जळगाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तव्यावर भाकर राह्यनी." मी गाडीतच रडले. शेजारीण म्हणाली, "मी गॅस बंद केला हो अक्का," आणि तीही रडली.

डॉक्टर म्हणाले, "हा इशारा होता. आता साधी गोळी नको, वॉरफरिनच. पेशंटबरोबर कोण आहे?"

खोलीत मीच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन तेरा वर्षं झाली होती, पण अशा खोलीत माझ्याकडे बघून कोणी काही विचारलं ते पहिल्यांदा.

"तुम्हाला जमेल का?"

"जमेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल, पण त्यांना आला.

मग त्यांनी सांगितलं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी. गुडघे दुखले म्हणून दुकानातून कुठलीही गोळी आणायची नाही. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग महिन्याला. आणि पालेभाजी. पालेभाजीत असं काही असतं की या गोळीचा जोर कमी होतो. "म्हणून बंद करायची का?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. रोज जेवढी खातात तेवढीच खाऊ द्या. आम्ही गोळी त्यावर बसवतो. फक्त एकदम वाढवायची नाही आणि एकदम सोडायची नाही."

मी चौथीपर्यंत शिकले. मुलीची एक अर्धी कोरी वही घेतली आणि रेघा मारल्या. तारीख, गोळी एक की अर्धी, भाजी, रक्ताचा आकडा. मागच्या पुठ्ठ्यावर डॉक्टरांचं वाक्य लिहिलं: भाजी वाढवायची नाही, सोडायची नाही. भाजीच्या खाली मी 'मूठ' लिहायची. चिरलेली मेथी किंवा पोकळा एक मूठ, अक्कांच्या वाटणीची. रोज. कॉलनीत वीजकेंद्राच्या चिमणीची राख पानांवर बसे, म्हणून भाजी तीन पाण्यांनी धुवावी लागे. धुऊन, चिरून मूठ बाजूला काढली की अक्का म्हणायच्या, "आनं मनं औषध."

एकदाच चुकलं. यांच्या एका मित्राच्या शेतात भरिताला गेलो होतो. तुराट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी आणि सोबत कांद्याच्या पातीचे ढीग. अक्कांनी पातीची पेंढीच्या पेंढी संपवली. मी डोळे वटारले तर म्हणाल्या, "भरीत का औषध शे, मोजीमापी खावाले?" सगळे हसले. पुढच्या तपासणीत रक्त घट्ट झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? अक्का छताकडे बघायला लागल्या. मी वही उघडून दाखवली. त्या दिवशी मी 'मूठ' खोडून 'पेंढी' लिहिलं होतं. डॉक्टर हसले नाहीत. वही हातात घेऊन त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे चांगलं करताय. असंच ठेवा."

बाकी त्या हिवाळ्यात अक्कांचं रक्त सुतासारखं सरळ राहिलं.

मग आखाजी आली. नाना घ्यायला आले. मी वही त्यांच्या हातात दिली. उभ्याउभ्याच, कारण नाना बसलेले असताना त्यांच्यासमोर बसायची मला सवय नव्हती. नानांनी वही चष्म्याजवळ धरली.

"मूठ? हे काय माप आहे? कोणाची मूठ? तुझी की माझी?"

"अक्कांची," मी म्हटलं.

ते हसले, आणि यांच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या बायकोचं वैद्यकशास्त्र बघ." हेही हसले. मग नाना मास्तरांसारखे मला समजावून सांगायला लागले. "हे बघ. गोळीला पालेभाजी चालत नाही म्हणतात. मग रोज मूठभर कशाला? औषध म्हटलं की पथ्य कडक पाहिजे. जेवढं पथ्य कडक तेवढा गुण लवकर. मी बघतो."

सगळी गोम इथेच होती. आमच्याकडे पथ्य म्हणजे सोडणं. काय काय सोडलं हे सांगण्यात अभिमान. आंबट सोडलं, तेलकट सोडलं, भात सोडला. जितकं सोडाल तितके तुम्ही शहाणे आणि तितकं औषध लागू पडतं. घरातल्या कोणाला हे सांगून पटलं नसतं की या एका गोळीला सोडणं म्हणजेच चूक आहे. मी सांगायचा प्रयत्न केला. "नाना, डॉक्टर म्हणाले सारखी ठेवायची, एकदम सोडायची..."

"मला वाचता येतं," नाना म्हणाले.

वही पिशवीत गेली. अक्का जाताना माझ्याकडे बघत होत्या. बस हलली तरी बघत होत्या.

दीड महिन्याने कॉलनीच्या ऑफिसात धुळ्याहून फोन आला. अक्कांच्या नाकातून रक्त येतंय, थांबत नाही. आम्ही मिळेल त्या बसने निघालो. पारोळ्याला बस बराच वेळ थांबली. कंडक्टर खाली उतरून उसाचा रस पीत होता, आणि त्याच्या अंगावर धावून जावं असं मला वाटत होतं. यांच्या नाही, कंडक्टरच्या! राग कुठे काढावा हेही मला तेव्हा कळत नव्हतं.

धुळ्याच्या दवाखान्यात अक्का पांढऱ्या पडलेल्या. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग, कोणी मारल्यासारखे. शौचाला काळं होत होतं. रक्ताची बाटली लावली होती. जाऊबाई दाराशीच म्हणाल्या, "तुमच्या त्या गोळीने बघा काय केलं."

तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "रक्त शेवटचं कधी तपासलं?"

नाना म्हणाले, "तब्येत छान होती. म्हणून तपासलं नाही."

"दीड महिना? आणि खायला काय देत होता?"

"पथ्य अगदी कडक होतं," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "पालेभाजीचं एक पानसुद्धा नाही. कोथिंबीरही नाही."

पलंगावरून अक्का बोलल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "बठ्ठी भाजी बंद करी टाकी. दीड महिना वरन-भात. मी काय कैदी व्हती का?"

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "अहो, गोळी भाजीच्या हिशोबाने बसवलेली होती. तुम्ही भाजी काढून घेतली आणि गोळी तेवढीच ठेवली. मग ती दुप्पट झाल्यासारखीच झाली. हे पथ्य नाही, हा अपघात आहे."

नानांचा चेहरा काळवंडला. मला आनंद झाला नाही, असं मी लिहिणार नाही. झाला. पुढच्याच क्षणी अक्कांचा दंड दिसला आणि तो आनंद विटला.

चार दिवसांनी रक्त ताळ्यावर आलं. तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. गोळी पुन्हा सुरू करायची की कायमची बंद? ते म्हणाले, बंद केली तर लकव्याचा धोका परत, आणि एक इशारा तर मिळून गेलेला आहे. सुरू केली तर आज झालं तसं पुन्हा होण्याचा धोका. नीट सांभाळली तर तो कमी, पण शून्य नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर माणूस हाती लागत नाही. "दोन्हीकडे धोका आहे," ते म्हणाले. "कुठला पत्करायचा ते ठरवा."

"बंद," नाना म्हणाले. "आता प्रश्नच नाही."

यांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर एक भिंत होती.

 मी म्हटलं, "डॉक्टर, अक्कांना विचारा."

 नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. खुर्ची बोलली असती तर असंच बघितलं असतं. "तिला काय समजतं त्यातलं?"

डॉक्टर उठून पलंगाशी गेले, वाकले आणि अक्कांना सगळं सांगितलं. सावकाश. मध्ये मध्ये थांबून "कळलं का आजी?" विचारत. त्यांनी काहीच लपवलं नाही.

अक्का म्हणाल्या, "कळनं. गोळी बंद करी ते मी बहिनसारखी पडसू. गोळी लिधी ते कदाचित एक दिन पटकन जासू. असंच ना?"

"असंच."

"मंग गोळी द्या. माले पटकन जावानं चालस."

"अक्का, वेडेपणा करू नको," नाना म्हणाले. "माझ्या घरात ती गोळी मी येऊ देणार नाही. लोक म्हणतील, मुख्याध्यापकाने आईला विष घातलं."

"नाना," अक्का म्हणाल्या, "तू मना आंडोर शेस, मना बाप नही. मंग मी हिनासंगेच जासू."

"दिवाळीपर्यंत पाळी माझी आहे. मधेच गेलीस तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

हा प्रश्न होता! बाटलीतून दुसऱ्याचं रक्त आईच्या अंगात जातंय आणि हे लोकांना काय तोंड दाखवू! माझ्या वाटणीचं बोलून झालं होतं. पण दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी अक्का नानांच्या घरी गेल्याच नाहीत. जाऊबाईंनी लुगड्यांची पिशवी दवाखान्यात आणून दिली, त्यात तळाशी माझी वही होती. त्यात दीड महिन्याची पानं कोरी होती. बसमध्ये हे मला म्हणाले, "तू बोलायला नको होतंस." अक्का पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "मंग तू बोलना व्हतास का?" 

त्यानंतर चार वर्षं नाना आमच्याकडे आले नाहीत. आखाजीला नाही, दिवाळीला नाही. नातेवाइकांत पसरलं की धाकटीने सासूला फितवलं.

ती चार वर्षं अशी. महिन्याला एकदा जळगाव, रक्त, चिठ्ठी, गोळी एक की अर्धी. मी त्यांना विळी वापरू द्यायची नाही, तर त्या मी बाहेर गेल्यावर विळी घेऊन बसायच्या. पायात चप्पल घातल्याशिवाय ओट्यावर जाऊ नका म्हटलं तर म्हणायच्या, "तू मनी सासू शेस का मी तुनी?" उन्हाळ्यात कॉलनीतल्या बायकांना जमवून त्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत, आणि गच्चीवर त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येई. कोणाचं पीठ सैल झालं की तिचा सात पिढ्यांचा उद्धार. मी खाली असे आणि ऐकत असे. एकदा हिरड्यांतून रक्त आलं, आकडा वाढला होता, गोळी दोन दिवस थांबवली, ठीक झालं. मला झोप लागायची नाही, त्यांना लागायची.

पाचव्या वर्षी थंडीत, सकाळी दहाच्या सुमारास, मागच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि डोकं नळाच्या कट्ट्याला लागलं. रक्त आलं नाही. उठून बसल्या, मला शिव्या दिल्या की पायरीवर शेवाळ का ठेवलं. दुपारी डोकं दुखतं म्हणाल्या. चार वाजता मी हाक मारली तर ओ दिली नाही. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यात आत रक्त सांडलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या.

मी शेवटच्या तपासणीची चिठ्ठी काढून बघितली. नऊ दिवसांपूर्वीची. आकडा बरोबर होता. मग पायरी बघितली. शेवाळ होतं. हातभर. ते मी घासलं नव्हतं, आणि या रागाला दुसरा कोणी धनी नाही.

दहाव्याला नाना आले. बाहेर पुरुष बसलेले, आम्ही बायका आतल्या खोलीत. दार उघडं. नाना चार माणसांत सांगत होते, "मी तेव्हाच म्हटलं होतं. त्या गोळीनेच गेली. अडाणी बाईच्या हातात औषध दिलं की असंच होतं."

मी दारात गेले. डोक्यावरचा पदर तसाच होता. 

"हो नाना," मी म्हटलं. "गोळीनेच गेल्या. डॉक्टरांनी त्यांना हे तुमच्यासमोर सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं आणि हो म्हटलं होतं. आता त्यांच्या मरणातही तुम्हाला त्यांचं ऐकायचं नाही का?"

 पारोळ्याकडचे एक म्हातारे आबा होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नाना उठून अंगणात गेले. यांनी माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. तेवढंच. यांच्याकडून त्याहून जास्त मी मागितलंही नाही.

मी आत येऊन बसले. जाऊबाई माझ्याशेजारी सरकल्या. चार वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "शेवटपर्यंत चालत होत्या का गं?"

"पडल्या त्या सकाळी सगळं पाणी त्यांनीच भरलं," मी म्हटलं. "मी नको म्हणत होते तरी."

त्या चटईची काडी उपसत बसल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाजी बंद केली ते चूक आहे. वहीत लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. बी.ए. झालेली बाई. वही हातात, अक्षर ओळखीचं, आणि दीड महिना वरण-भात वाढत राहिली, कारण नवरा म्हणाला. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून गॅसपाशी गेले आणि भाताचं आधण ठेवलं. नानांवर मला सरळ रागावता येत होतं. या रागात मात्र जळगावच्या त्या खोलीच्या दाराशी उभी राहिलेली मीही होते.